पुणतांब्याच्या काकू

एस्तेर, तुझ्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तू गेल्यावर. सहा वर्षं आपण बेलापूरच्या एकाच शाळेत शिकवलं, एका बाकावर बसून वह्या तपासल्या, एकमेकींची डोकेदुखी ऐकून घेतली, आणि तुझी चूल कुठल्या भिंतीला आहे हे मला तुझ्या मातीच्या दिवशी कळलं.

सोमवारी सकाळच्या शाळेला तू आली नाहीस. प्रार्थना झाली, हजेरी झाली, तुझा तिसरीचा वर्ग गोंगाट करायला लागला तेव्हा मोठ्या बाईंनी मला तिकडे धाडलं. मी मनातल्या मनात तुझ्यावर चिडले होते. शनिवारी आपलं वाजलं होतं आणि मला वाटलं, तू रुसून घरी बसलीस. फळ्यावर शनिवारची तारीख तुझ्या अक्षरात तशीच होती. ती पुसायला मी हात वर केला आणि दारात निरोप आला. आडावरून घागर आणलीस, ओट्यावर ठेवलीस, आईला म्हणालीस जरा बसते, आणि बसलीस ती बसलीसच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अडतिसाव्या वर्षी हृदय असं बंद पडतं हे मला माहीत नव्हतं. अजूनही पटलेलं नाही. रस्त्यात कुणी हिरवी साडी नेसलेली दिसली की मी हाक मारायला तोंड उघडते.

तुझ्या घरी ख्रिस्तवाडीतली सगळी माणसं जमली होती. बाहेरच्या खोलीत खाटेवर तू होतीस, उशाशी पाळकसाहेब उभे होते आणि बायका हळू आवाजात गीत म्हणत होत्या. तुझ्या आईच्या घशाला कोरड पडली होती म्हणून मी पाणी आणायला आत गेले. आत फळीवर ओळीने बरण्या होत्या. चिनीमातीच्या, तोंडाला हळदीत रंगवलेलं मांजरपाटाचं फडकं आणि त्यावर हिरव्या दोऱ्याचे दोन वेढे. हे फडकं आणि हा दोरा मी तीन वर्षं दर शनिवारी बघत आले होते, पण भाऊशेठच्या किराणा दुकानात. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. तू बाहेर निजलेली, आणि मी आत एका बरणीचा दोरा सोडला, बोट घातलं आणि चाटलं.

काकूंचं लोणचं होतं ते. पुणतांब्याच्या काकूंचं.

मी तिथेच खाली बसले. कुणीतरी म्हणालं, बाईंना भोवळ आली, लई जवळची होती ना. कुणीतरी मला पाणी पाजलं, तुझ्या माठातलं, तुझ्या घरच्या पेल्यातून. तेही पहिल्यांदाच.

आज आठवा दिवस. तुमच्यात दहावा करत नाहीत असं तुझी बहीण सरोज म्हणाली. मग मी काय करायचं ते मला कळेना, म्हणून लिहायला बसले आहे.

भाऊशेठने दुकानात तयार जिनसांची फळी लावली तेव्हा अख्खं गाव त्याला हसलं होतं, आठवतं? गूळ, डाळ आणि रॉकेल विकणारा माणूस, त्याने एक दिवस मेतकूट, भाजणी, कुरडया, सांडगी मिरची, कारळाची चटणी आणि लिंबाचं लोणचं मांडलं. लोणचं काय विकत आणायची वस्तू आहे? जी बाई आणेल तिच्या संसाराचे धिंडवडे निघाले असंच समजायचे लोक. त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आपण दोघी नोकरीवाल्या. आपल्याला तसंही कुणी गृहकृत्यदक्ष म्हणत नव्हतं.

शनिवारी शाळा लवकर सुटली की आपण सरळ दुकानात. वह्यांच्या पिशव्या फळीवर ठेवायच्या आणि तळहात पुढे करायचा. चव बघा, मग घ्या, हा भाऊशेठचा खाक्या. तू भाजणीची चिमूट आधी नाकाशी न्यायचीस, मग जिभेवर ठेवून डोळे मिटायचीस आणि सांगायचीस की धने जरा जास्त भाजलेत, किंवा यात उडीद हात राखून घातलाय. आणि ते तसंच असायचं. मी आपली भुकेली. चव कसली, मी न्याहारीच उरकायचे. भाऊशेठ म्हणायचा, बाई, अशी चव घ्यायला लागलात तर मला शटर ओढून घरी जावं लागेल.

एक गोष्ट मला या आठ दिवसांत आठवली. माझ्या तळहातावर तो चमचा टेकवून लोणचं द्यायचा. तुझ्या हातावर वीतभर वरून झटकायचा. तू हात जरा खाली धरायचीस, त्याला सोपं जावं म्हणून. तीन वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. तुझं स्वतःचं लोणचं, एस्तेर, तो तुझ्याच हातावर वरून टाकत होता.

लोणचं कुणाचं, असं विचारलं की तो सांगायचा, पुणतांब्याला घाटाजवळ एक काकू राहतात, सोवळ्यात करतात, कुणाला भेटत नाहीत. एवढं पुरलं. ब्राह्मण आळीतल्या बायका न्यायला लागल्या, पाटलांकडे जायला लागलं, आणि आमच्या सासूबाई, ज्या स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या हातच्या पिठल्यालाही नावं ठेवतात, त्यांनी पहिल्याच जेवणात तीनदा मागून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरी ते संपू द्यायचं नाही असा हुकूमच होता.

आणि आपण दोघी त्या काकूंवर किती बोललो! काकू दिसायला कशा असतील, यावर आपली पैज लागायची. मी म्हणायचे, गोऱ्या, ठेंगण्या आणि प्रेमळ. तू म्हणायचीस, छे, लई खाष्ट असणार, मिठावरून कळतं. मी एकदा भाऊशेठजवळ निरोप दिला की काकूंना सांगा, आलं जरा कमी पडतं. पुढच्या बरणीत आलं वाढलेलं होतं. मी तिथेच टाळी वाजवली, बघ, काकूंनी माझं ऐकलं. तू खाली बघून हसलीस आणि म्हणालीस, तुझं कोण ऐकणार नाही, बाई. दुष्काळाच्या वर्षी, रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी खाऊन घसा सोलला होता सगळ्यांचा, लिंबं श्रीगोंद्याकडून यायची ती सुपारीएवढी, जाड सालीची. तरी लोणचं बंद झालं नाही. मी म्हटलं होतं, काकूंनी आपलं पिण्याचं पाणी लिंबं धुवायला वापरलं असेल. तू म्हणालीस, असेल. त्या वर्षी तू दोन मैलांवरून पाणी आणत होतीस आणि मी तुला विचारायचे की इतकी काळी का पडलीस.

आता आमच्या घराचं बोलते. ते बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तू आमच्याकडे पुष्कळदा आलीस. सोप्यात बसायचीस. तुझ्यासाठी निळ्या फुलांची कपबशी होती. ती खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय असं मी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं, आणि तू चहा पिऊन ती स्वतः विसळून दारच्या ओट्यावर पालथी घातलीस. तुला सगळं कळलं होतं. मी नंतर रस्त्यात तुला म्हटलं, माझं काही नाही गं, सासूबाईंना चालत नाही. तू म्हणालीस, असू दे, जुनं माणूस आहे. मला केवढं बरं वाटलं होतं. तेव्हापासून ते वाक्य मी तुला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी शेवटी पूर्णही करत नसे. सासूबाईंना, एवढं म्हटलं की तू मान हलवायचीस.

दर नाताळला तू करंज्यांचा डबा आणायचीस, पांढऱ्या रुमालात बांधून. मी तो दारातच घ्यायचे, हसून घ्यायचे, आणि तू वळलीस की गोठ्यात काम करणाऱ्या शेवंताच्या हातात द्यायचे. गाठही सोडत नव्हते. चार दिवसांनी शेवंता डबा घासून आणायची, रिकामा डबा परत देऊ नये म्हणून मी त्यात साखर घालायचे आणि तुला सांगायचे, छान होत्या, सगळ्यांना आवडल्या. गेल्या नाताळलाही असंच केलं. डबा हाताला जड लागला होता. तेवढ्यावरूनही मला शंका आली नाही. परत देताना मी म्हटलं, करंज्या काय खुसखुशीत झाल्या होत्या गं या वर्षी. तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, हो का. आणि साखरेचा डबा पिशवीत ठेवलास.

त्यानंतरच्या शनिवारी आपण नेहमीसारख्या दुकानात गेलो. तू विचारलंस, काकूंचं कसं झालंय या वेळी? मी म्हटलं, काकूंच्या हाताला देवाने चव दिलीय.

आणि तो शेवटचा शनिवार. दुकानातून परत येताना मी लकडा लावला की उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण दोघी पुणतांब्याला जाऊ, काकूंना शोधून काढू, मला त्यांच्या पाया पडायचंय. तू नको म्हणालीस. मी का नको म्हणून विचारलं. तू उडवाउडवी केलीस, गाड्यांच्या वेळा सांगितल्यास, ऊन सांगितलंस. माझा स्वभाव तुला माहीत आहे, एकदा धरलं की सोडत नाही. शेवटी पाटाच्या पुलावर तू थांबलीस.

"लोणचं आवडतं ना तुला? मग हात कुणाचे ते कशाला बघायला जायचं?"

मी म्हटलं, "वा, असं कसं? खाण्याच्या बाबतीत हात बघावेच लागतात. चांगल्या, स्वच्छ घरचं आहे म्हणून तर खातो आपण."

"माझं घर स्वच्छ आहे, विमल."

"तुझा काय संबंध? मी काकूंचं बोलतेय."

पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि पुढे निघून गेलीस. मी मागून ओरडले की एवढ्या तेवढ्याने नाक कशाला फुगवतेस. हे माझे तुझ्याशी शेवटचे शब्द. ते बदलता येतील असं मला रोज पहाटे जागं होताना क्षणभर वाटतं, आणि मग आठवतं.

मातीनंतर चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. सरोजने सगळं सांगितलं. लोणच्याची कृती तुमच्या आईची, ती मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची तेव्हापासूनची; घालायचीस तू. भाऊशेठने ते शाळेच्या स्नेहसंमेलनात खाल्लं, जिथे मी तुझ्या डब्याला हातही लावला नसेल, आणि तुला गाठलं, पण नाव सांगायचं नाही या बोलीवर. तू हौसेने कबूल झालीस. बरणी बांधून तू श्रीरामपूरच्या स्टँडवर न्यायचीस आणि त्याचा माणूस ती तिथून एस. टी.ने परत बेलापूरला आणायचा, म्हणजे गावाला वाटावं पुणतांब्याहून आली. आपल्या लोणच्याला तू दर महिन्याला गाडीत बसवून फिरवून आणत होतीस. एरवी मी या गोष्टीवर पोट धरून हसले असते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं तिने? सरोज माझ्याकडे बघतच राहिली.

"सांगितलं की, विमलबाई. नाताळात. ताई म्हणली, विमलला तोंडानं सांगायला मला न्हाई जमायचं, पन तिनं बोट लावलं की तिला कळंल. म्हणून तर आवंदा करंज्या केल्याच न्हाईत. डबाभर लोणचंच दिलं तुमाला. चार दिवस वाट बघत हुती, तुमी काय म्हनताय त्याची."

करंज्या खुसखुशीत झाल्या होत्या, असं मी म्हटलं होतं. तुला त्याच वेळी कळलं की मी डबा उघडलाही नाही. त्या वर्षीचा नाही आणि आधीचा एकही नाही. आणि तरी तू पुढचे तीन महिने दर शनिवारी माझ्याबरोबर दुकानात आलीस, तळहात पुढे केलास, माझ्या आवडीचं आलं घालत राहिलीस. हे कशाच्या बळावर केलंस? मला राग येतो तुझा. एकदा तरी मला तोंडावर बोलायचं होतंस. पुलावर बोलायचं होतंस. पुलावर तू बोललीसच म्हणा, मीच ऐकलं नाही.

मी तिथून तणतणत भाऊशेठकडे गेले. कुणावर तरी ओरडायचं होतं. त्याने ओरडू दिलं. मग म्हणाला, बाई, मी नाव सांगितलं असतं तर एक बरणी खपली नसती, तुम्ही तरी घेतली असती का? तो मुद्दाम टोचून बोलत नव्हता, खरंच विचारत होता. मी घेतली नसती. फळीवरची शेवटची बरणी त्याने मला दिली. चमच्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

ती बरणी दोन दिवस मी माझ्या ट्रंकेत ठेवली. शेवटी काल दुपारी जेवताना काढली. घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. त्यांना वाढली फोड, त्यांनी खाल्ली, आणि मग मी सांगितलं की पुणतांब्याला काकूबिकू कुणी नाही. हे एस्तेरच्या हातचं आहे, माझ्या शाळेतली, ती गेल्या आठवड्यात वारली. इतकी वर्षं आपण तिच्याच हातचं खात आलो.

त्यांचा घास हातात राहिला. मी वाट बघत होते. त्या ताट ढकलतील, चूळ भरायला उठतील, मला आणि तुला आणि भाऊशेठला शिव्या देतील. खरं सांगू का, एस्तेर? मला तेच हवं होतं. त्यांनी ताट ढकललं असतं तर मी सुटले असते.

"ती उंचशी? सोप्यात बसायची ती?"

मी हो म्हटलं.

"मग तिला कदी आत का न्हाई आनलंस?"

"तुमच्यामुळे. तुम्हाला चाललं नसतं."

"मला इचारलं हुतंस?"

त्या आवाज न चढवता बोलत होत्या, कांदा निवडताना बोलतात तसं.

"त्यो निळा कप म्या येगळा काडला न्हाई. मला वाटलं, तुजीच काय रीत हाय. शिकलेली हायेस, आमी काय बोलावं? आता तू इचारलं असतंस तर मी न्हाईच म्हनले असते बी. बहुतेक न्हाईच म्हनले असते. पर ते मी म्हनले असते. तू इचारलंच न्हाईस."

मग त्यांनी हातातला घास खाल्ला, पाण्याचा तांब्या उचलला आणि उठून गेल्या. पहिल्या दिवशी कपाटातून तो कप मीच काढला होता. तेव्हा त्या शेतावर होत्या. त्यांनी तुला पाहिलंसुद्धा नव्हतं.

सहा वर्षं मी तुला दारात थांबवलं आणि प्रत्येक वेळी त्यांचं नाव पुढे केलं. तूही ते मानून घेतलंस, किंवा मानल्यासारखं दाखवलंस, मला अवघड होऊ नये म्हणून. आता कुणाचं नाव सांगू, एस्तेर?